केनवडच्या अंगणातली हजेरी

अकोल्याहून मालेगावला निघालेली आमची मोटर पातूरच्या घाटात तापली. ड्रायव्हरने उतारूंच्या तांब्यांतलं पाणी मागून तिच्या पोटात घातलं आणि आम्ही सागाच्या सावलीत बसून राहिलो. माझ्या मांडीवर एक वाकळ (गोधडी) होती. माझा विद्यार्थी सुखदेव नागपूरच्या वसतिगृहात विषमज्वराने गेला, त्याची ती. वडील पोचण्याआधीच त्याला अग्नी द्यावा लागला होता. आईला तर यायलाही मिळालं नाही. तिने शिवलेली वाकळ मागे राहिली, आणि ती पोस्टाने धाडणं माझ्या जिवावर आलं.

शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय करता जी तुमी?"

"प्रोफेसर आहे."

"मंग पेटी कोठी हाये?"

विद्यापीठात उभी हयात तर्कशास्त्र शिकवलं, पण या प्रश्नामागचा तर्क मला लागेना. मग कळलं, इकडच्या बाजारात जादूचे खेळ करणारे आपल्या नावामागे 'प्रोफेसर' लावतात. सगळे हसले, मीही हसलो. पदवीचा इतका तोरा बरा नव्हेच.

मालेगावला सुखदेवचे वडील किसनराव दमणी (बैलांची हलकी गाडी) घेऊन उभे होते. वाटेत दोन्ही अंगाला कपाशीची वेचणी चालली होती. तुरी पिवळ्या फुलांनी भरल्या होत्या. त्यांचं गाव केनवड दिसू लागलं तेव्हा किसनराव म्हणाले, "त्याच्या मायच्या डोयातून अजून टिपूस नाई जी. नुसती गुमसुम बसून राह्यते."

अंगणात बाजारासाठी तोडलेल्या वांग्यांचा ढीग होता. सुखदेवच्या आईने वाकळ घेतली, न उलगडताच बाजूला ठेवली आणि माझ्यासमोर बसली. ती माझीच वाट पाहत होती, हे मला दिसत होतं. कशासाठी, ते मात्र कळलं नाही.

"मालेगावच्या बजारात म्या एक प्रोफेसर पायला होता," ती म्हणाली. "त्यानं पोरीले पेटीत कापलं, अन् वापस उभी केली. सुखदेव म्हने, आमचा प्रोफेसर लय मोठा हाये. म्या त्याले जाताना पायलं नाई जी. एक डाव आना त्याले."

किसनरावांनी मान खाली घातली. या खेपेला मला हसू आलं नाही.

"आई, ती विद्या माझ्याकडे नाही."

"मंग तुमी तिथं करता काय?"

काय सांगावं? अनुमान, प्रमाण, हेत्वाभास? मी म्हणालो, "रोज सकाळी मुलांची नावं घेतो. ती ओ देतात. मग शिकवतो."

"माह्या पोराचं नाव घेत होते?"

"रोज. बाकीची पोरं इंग्रजीत उत्तर द्यायची. हा म्हणायचा, 'हाव जी.' वर्ग हसायचा, पण त्याने ते कधी बदललं नाही."

"असाच म्हने," ती म्हणाली. "वावरातून हाक मारली का असाच." मग थोडी पुढे सरकली. "घ्या जी त्याचं नाव. वर्गात घेत होते तसंच."

मी वर्गातल्या आवाजात सुखदेवचं नाव घेतलं. ती कानामागे हात धरून ऐकत राहिली. विहिरीवर मोटेची चाकं कुरकुरत होती. दुसरा आवाज नव्हता.

"गेला जी," ती म्हणाली. "आता समजलं मले."

तिने वाकळ ओढून घेतली, तोंडाशी धरली आणि रडू लागली. किसनरावही तिच्याजवळ जाऊन बसले.

बऱ्याच वेळाने तिने स्वतः चूल पेटवली. भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. "जेवा जी. लंबं जाचं हाये तुमाले." निघताना मी "येतो" म्हणालो, तेव्हा तिने मान डोलावली.

परतीच्या वाटेवर घाटात मोटर तापली नाही. तिने विचारलेला प्रश्न मात्र नागपूरपर्यंत माझ्यासोबत आला. तिथं मी करतो तरी काय?

दुसऱ्या सकाळी वर्गात हजेरी घेताना त्याची जागा आली. पटावरून नाव कधीच वगळलेलं होतं, तरी मी ते घेतलं. तो गेला हे त्या माउलीने केनवडला मान्य केलं, मला ते अजून जमलं नव्हतं. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. उत्तर यायला लागेल तेवढा वेळ मी थांबलो. मग मीच म्हणालो, "हाव जी."

कुणी हसलं नाही. मी पुढचं नाव घेतलं.