मास्तरांच्या आवाजावर भरलेलं जॅझ

'शास्त्रीय संगीत हे दरबारी मिजाशीचं गाणं, जॅझ हे राबणाऱ्यांचं!' असं मी नव्वदच्या दशकात आमच्या चळवळीच्या एका पत्रकात ठणकावून लिहिलं. जॅझ तोवर एकदाच ऐकलं होतं.

मग पुण्याच्या मित्राकडून जॅझची कॅसेट एका दिवसासाठी मिळाली. जळोचीच्या आमच्या घरी कोरी कॅसेट नव्हती. आबांची, म्हणजे वडिलांची, आलापांची एक होती. रेडिओवरून भरली असेल, असं मी धरून चाललो. ती पुसली जाऊ नये म्हणून आबांनी तिच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडून ठेवला होता. त्या भोकावर मी पोस्टरच्या खळीनं पत्रकाचा कपटा चिकटवला आणि जॅझ भरलं.

संध्याकाळी आबा एमआयडीसीतल्या डेअरीतून आले, हातपाय धुऊन त्यांनी कॅसेट लावली. ट्रम्पेट वाजलं.

"माझं मास्तर कुठं गेलं रं?"

बावड्याचे त्यांचे गायनमास्तर वारले होते. त्यांचा आवाज फक्त ह्याच कॅसेटवर होता. हे मला तेव्हा कळलं.

आबांनी टेप बंद केला नाही. मधेच म्हणाले, "ह्यो बी सुराभवती घिरट्या घालतोय, आन् मग नेमका येऊन बसतोय. मास्तर असंच करायचं. ह्याला कुणी शिकिवलं असंल?"

मला माहीत नव्हतं.

शेवटी ट्रम्पेट थांबलं आणि मास्तरांचा उरलेला अर्धा आलाप वाजला.

"परत लाव."

मी परत लावला. तेवढाच वाजला.