‘पत्ता बदलला आहे’ गाणाऱ्या सुमेधाताई

सुमेधाताई दिघे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. भावगीतांचा कार्यक्रम रंगला होता आणि तिशीच्या आतल्या एक बाई, सुती साडी नेसलेल्या, गळ्यात गिटार अडकवून मंचावर आल्या. गाणे मराठीच होते, स्वतः लिहिलेले. पण ठेका घोड्याच्या दुडक्या चालीचा आणि आवाज माळरानावर हाक मारावी तसा मोकळा. गाणे संपल्यावर मंडळाचे सचिव माझ्याकडे वळून म्हणाले, "सबनीस, हे नेमकं काय होतं हो?" मला मात्र ते पुन्हा ऐकावेसे वाटत होते.

त्या अमेरिकी प्रकाराला कंट्री-रॉक म्हणतात, हे पुढे ताईंनीच सांगितले. त्यांच्या शेजारच्या सरकारी क्वार्टरमध्ये शिलाँगचे एक कुटुंब राहत असे. त्यांच्याकडून त्या गिटार शिकल्या होत्या. "दादा, या गाण्यांत एक वाद्य असतं, सूर ओढत ओढत नेणारं. इथे कोणाकडेच नाही यार," त्या म्हणाल्या. मला हसू आले. नोकरी सांभाळून मी वर्षानुवर्षे ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवली होती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी सरकवीत. कीबोर्ड आले आणि मला बोलावणी येईनाशी झाली. ताईंनी दुसऱ्याच दिवशी घरी येऊन ती गिटार कपाटावरून खाली काढायला लावली.

‘पत्ता बदलला आहे’ ही आठ गाण्यांची कॅसेट आम्ही गाझियाबादच्या एका लहानशा स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर माझा एकही सूर जागेवर लागेना. ताईंनी सगळ्यांना चहाला पाठवले, माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि आपली गिटार छेडू लागल्या. "मी बघत नाहीये. वाजवा," एवढेच बोलल्या. मी वाजवले.

आज ती कॅसेट ऐकताना जाणवते की त्या काळची दिल्ली इतक्या साधेपणाने मराठीत कोणी गायली नव्हती. ‘मोहरी’ या गाण्यात पिवळ्या शेतात एका सकाळी नव्या वसाहतीच्या सेक्टरची पाटी उभी राहते. ‘कंपनीची बस’मध्ये मानेसरच्या कारखान्याकडे निघालेले कामगार खिडकीला डोके टेकून गावाकडची भाषा पुटपुटतात. ताई शब्दाच्या शेवटचा स्वर सोडत नाहीत. तो लांबवत नेतात आणि माझ्या गिटारच्या हाती देतात. त्या गाण्यांत तक्रार नाही. नव्या घराचा आनंद आणि जुन्या घराची हुरहूर एकाच दमात येतात.

एका कॅसेट कंपनीच्या साहेबांनी गाणी ऐकली आणि म्हणाले, "मैडम, धुन बढ़िया है, पर मराठी यहाँ कौन सुनेगा? हिंदी में कर दीजिए. और ये पुराना गिटार हटाकर कीबोर्ड डाल दीजिए." ताई शांतपणे म्हणाल्या, "बोल भी यही रहेंगे, गिटार भी यही." आणि नमस्कार करून उठल्या. कॅसेट पुढे आम्हीच काढली.

पण त्याआधी खरा पेच घरातच पडला. ‘काळी ट्रंक’ हे गाणे ताईंच्या वडिलांवर आहे. ते सैन्यात सुभेदार होते. दर बदलीला ट्रंकेवरचे जुन्या गावाचे नाव पुसून नव्याचे रंगवायचे. सीमेवर निघताना फलाटावर बाबा रडले, अशी त्यात एक ओळ होती. निवृत्तीनंतर बाबा ताईंकडेच राहत. मुलीच्या गिटारबद्दल ते कधी चकार शब्द काढत नसत. गाणे ऐकून मात्र ते माझ्यादेखत म्हणाले, "ही ओळ काढ. मी रडलो नव्हतो. इंजिनाचा धूर गेला होता डोळ्यांत."

"बाबा, मी पाहिलं होतं," ताई म्हणाल्या.

"धूर होता," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

ताई दोन दिवस ती ओळ खोडत आणि पुन्हा लिहीत राहिल्या. ती ओळ गेली तर गाणे पोकळ होणार होते आणि ठेवली तर वडील दुखावणार होते. तिसऱ्या दिवशी स्टुडिओत येऊन त्यांनी ओळ बदलून गायली: ‘बाबा म्हणतात, धूर होता, मीही म्हणते, धूर होता.’ मला पुढचा सूर धरायला क्षणभर उशीर झाला. कॅसेटमध्ये तो उशीर तसाच आहे. ताईंनी तो पुसू दिला नाही.

प्रकाशनाचा कार्यक्रम मंडळाच्याच सभागृहात झाला. सुभेदारसाहेब शेवटच्या रांगेत ताठ बसले होते. ती ओळ आली तशी लोक आधी हसले, मग पुढे सरसावून ऐकू लागले. मला नंतर कळले, साहेबांनी तेव्हा चष्मा काढला आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थांना म्हणाले, "गातेय ती माझी मुलगी. गाण्यातले बाबा, ते मी."

ताई आज साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य, निरोगी गळा आणि मनासारखी गाणी लाभोत, अशी आम्हा सर्व स्नेह्यांची मनोमन इच्छा आहे. परवा त्यांनी फोन करून नव्या गाण्यांसाठी मला बोलावले. मी म्हटले, "ताई, पंचाहत्तरी आली. बोटं आखडलीत माझी."

"मग ठेका हळू घेऊ, दादा," त्या म्हणाल्या.