ज्युलियानामायचं माहेर

दिवाळी जवळ आली की ज्युलियानामाय उगाच चिडचिड करायची. खाडीकाठच्या कोपरी गावाच्या टोकाला तिचं कौलारू घर, दारात क्रूस, आत ती एकटी. नवरा होडी घेऊन खाडीत गेला तो परतलाच नाही, आणि मूलबाळ कधी झालंच नव्हतं. ख्रिस्ती बाईला दिवाळीचं काय, असं कुणी म्हटलं की ती आणखी भडकायची. तरी उंबरा पुसून वाटेकडे डोळे लावून बसायचीच.

गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. सुईण म्हणून नावाजलेली, तोंडाची फटकळ, पण हाताची मऊ. एकोणिसाव्या शतकाची अखेर जवळ आली होती. ठाण्यात तलावापलीकडे बायकांचा दवाखाना निघाला, तेव्हा चारचौघींसारखी तीही म्हणाली होती, "तिथं बाई चालत जाते नि खांद्यावरून येते."

ही वाट पाहणं सुरू झालं ते शेवंतीच्या बाळंतपणापासून. मिठागरात राबणाऱ्या महिपतची ही बायको, अगदी कोवळी पोर. आईबाप पटकीच्या साथीत गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण हिला माहेरच नाही, म्हणून सासू रखमाबाईनं घरातच सोय केली होती. ज्युलियानानं हात लावून पाहिलं. मूल आडवं होतं, आणि डोक्याच्या आधी इवलासा हात बाहेर आला होता. अशीच अडलेली एक बाई पूर्वी तिच्या हातावर दगावली होती. तिचा चेहरा ज्युलियाना विसरली नव्हती.

ती ताडकन उठली. "मना नाय जमायचं. पोरीला दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता. नायतर दोघंबी जातील."

"दवाखान्यात?" रखमाबाई उसळली. "गाव काय म्हनंल? म्हायेर नाय म्हनून सुनेला परक्याच्या दारात टाकली?"

आतून येणारा शेवंतीचा आवाज क्षीण होत चालला होता. ज्युलियाना कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पयलं बाळंतपन कुठं करतात गो?"

"म्हायेरी."

"मंग मी हाय हिचं म्हायेर. माझे लेकीला मी नेतंय. तू कोन अडवनार?"

माहेरचं माणूस न्यायला आल्यावर सुनेला अडवायचं, ही बदनामी रखमाबाईला सोसणारी नव्हती. रीतभात म्हणजे तिचा जीव की प्राण. तिनं घाईघाईनं सुनेच्या ओटीत तांदूळ-नारळ घातले, महिपतनं बैल जुंपले आणि रेल्वेचे रूळ ओलांडून गाडी तलावाकडे निघाली.

"तुम्ही हिच्या कोण?" दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आय," ज्युलियाना म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच हा शब्द तिनं स्वतःसाठी वापरला होता. बाईंनी तिच्या गळ्यातला क्रूस पाहिला, शेवंतीच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "मग तिचा हात धरून ठेवा."

शेवंतीला गुंगीचं औषध दिलं. डॉक्टरीणबाईंनी मूल आतल्या आत फिरवून पायांकडून काढलं. मुलगी होती. आधी निळी पडलेली, मग टाहो फोडणारी. शेवंतीही वाचली. ज्युलियाना बाहेर ओट्यावर बसून ढसाढसा रडली.

तिच्या लेखी प्रकरण तिथंच मिटलं होतं. एक थाप मारली, पोर वाचली, झालं.

पण दिवाळीला शेवंती कडेवर लेक घेऊन दारात हजर. "आये, म्हायेरी आलंय."

ज्युलियाना गडबडून गेली. घरात ना पणती ना फराळ, चुलीवर सुकटाचं कालवण. माहेरानं लेकीला लुगडं द्यायचं असतं, एवढं मात्र तिला ठाऊक होतं. तिनं पेटी उघडली. आत एकच चांगलं लुगडं होतं, तिच्या लग्नातलं. आपल्याला पुरताना अंगावर असावं म्हणून जपलेलं. तिनं ते उचललं आणि शेवंतीच्या हातात ठेवलं.

पुढे कोपरीतल्या अडलेल्या बायका "म्हायेरी जातंय" म्हणत ज्युलियानाबरोबर गाडीत बसू लागल्या. डॉक्टरीणबाई हसून विचारायच्या, "अजून किती लेकी आहेत हो तुम्हाला?"

शेजारीण मात्र त्या लुगड्यावरून अजून हळहळायची. "माय, मेल्यावर काय नेसशील गो?"

"मना काय त्याची काळजी?" वाटेवरची नजर न काढता ज्युलियाना म्हणायची. "मना लेक हाय."