सगळी खोली खाकरत होती

कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. मृणाल केळुसकर यांची माझी पहिली भेट त्यांच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी झाली. दार उघडून त्यांच्या लेकीनं आत हाक दिली, "ममा, वन ऑफ युअर थ्रोट पीपल इज हियर!" वाचाउपचार शिकून मी नुकतीच अबू धाबीत आले होते. घशाच्या जुनाट तक्रारींची एक इंग्रजी प्रश्नावली मी मराठीत आणली होती. ती रुग्णांना कळते का आणि तिची उत्तरं भरवशाची असतात का, हे मॅडमच्या हाताखाली तपासायचं होतं. "घशात कफसदृश स्राव साचल्याची संवेदना" हे माझं वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढला. "असं कोण बोलतं गं?" चहा संपेपर्यंत त्याचं "घशात कफ चिकटून राहतो" झालं होतं. मला राग आला होता, हे आज त्यांच्या साठीनिमित्त सांगायला हरकत नाही.

पहिली चाचणी मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका कंपनीच्या दवाखान्यात झाली. घसा धरतो म्हणून तिथे औषध घेणारे आपले मराठी कामगार बाकांवर बसले होते. दारात सुपरवायझर उभे होते. "यल्ला, जल्दी भरो!" सगळ्यांनी 'अजिबात नाही'वर खूण केली. काही दिवसांनी पुन्हा विचारलं, तरी तेच. दोन्ही वेळची उत्तरं जुळणं हे आमच्या शास्त्रात चांगलं लक्षण. परिषदेत निबंध वाचायचा होता, मी तर साडीसुद्धा ठरवून टाकली होती.

मॅडमनी मात्र कागदांवरून नजर काढून बाकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अगं, सगळी खोली खाकरतेय आणि कागद म्हणतोय, काही नाही."

साताऱ्याकडचे वेल्डर दशरथराव यांना त्यांनी बाहेर व्हरांड्यात नेलं. "आवाज कधीपासून बसलाय?" दशरथरावांनी आधी दाराकडे पाहिलं. "तरास लिवला आन् कंपनीनं माघारी धाडलं तर, मॅडम? घराचा स्लॅब टाकायचाय अजून."

मॅडमनी ते सगळे कागद बाद केले. परिषद हुकली. मी कुरकुरले तेव्हा म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहेत, जागा चुकली. ही माणसं खोटं बोलत नाहीत गं, भितात."

नंतर दर रविवारी त्यांनी कामगारांना आपल्या दवाखान्यात बोलावलं. कागदावर नाव नाही, दारात कुणी नाही, चहा मॅडमच्या हातचा. खऱ्या तक्रारी तेव्हा कागदावर उतरल्या. दशरथरावांनी आपला कागद स्वतः मॅडमच्या हातात दिला. त्याच दिवशी दुर्बिणीनं घसा तपासला, तर स्वरयंत्रावर चट्टा दिसला; तुकडा तपासल्यावर ती कर्करोगाची सुरुवात निघाली. वेळेवर उपचार झाले, आवाज वाचला. मॅडम कंपनीच्या मॅनेजरसमोर जाऊन बसल्या आणि नोकरीही वाचली. आज दशरथराव फुजैराला आहेत. गावाकडच्या घराचा स्लॅब टाकून झाला आहे. आमची प्रश्नावलीही पुढे रीतसर कसाला उतरली.

मॅडम, या गौरवग्रंथात एक तक्रारही नोंदवते. गेल्या हिवाळ्यापासून तुम्ही ओपीडीत सारखा घसा साफ करता आणि विचारलं की म्हणता, "काही नाही गं." हे उत्तर लगेच खरं मानायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. येत्या रविवारी रुग्णाच्या खुर्चीत बसा. दारात कुणी नसेल, चहा मी करीन. तुम्ही शंभरी गाठावी आणि तीही ठणठणीत, असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटतं. दशरथराव दर सणाला फोन करून विचारतात, "मॅडम बऱ्या हायत न्हवं?" या वेळी मला तुम्हाला तपासून मगच त्यांना 'हो' म्हणायचं आहे.