अंबूबाईच्या पदरातलं मीठ

वरवट बकालात एके काळी कुजबुज होती की महादेवरावाची बायको अंबूबाई पहाटे पदरात मीठ बांधून नेते आणि कारभारी पाटलाच्या विहिरीत सोडते, आणि म्हणूनच गावातली एकुलती एक गोडी विहीर खारी झाली. ज्यानं ज्यानं ही गोष्ट सांगितली त्यानं ती शपथेवर सांगितली. पाहिली मात्र एकट्या शालूबाईनं. आता शालूबाईची नजर कशी, तर समोरून येणाऱ्या सख्ख्या दिराला ती दोनदा तेली समजून तेलाचा भाव विचारून बसली होती. पण अशा बाबतीत गाव डोळे तपासत नाही.

आमचा घाटाखालचा मुलूख खारपाणी. वर काळीभोर जमीन, कमरेएवढी कपाशीची पऱ्हाटी, आणि भुईच्या पोटात मिठाचं पाणी. घाटावरचे लोक इकडे पोरगी द्यायची तर आधी विहिरीचा तांब्या तोंडाला लावून पाहतात, नवरा मुलगा नंतर. अशा गावात कारभारी पाटलाची विहीर गोडी होती. वीस हात खोल. सारं गाव तिथंच पाणी भरत असे, आणि त्या पाण्याच्या जोरावर पाटलाची मानही गावात दोन बोटं उंच राहत असे.

अंबूबाई या गावची नव्हे. महादेवराव कापसाच्या गाठी उचलायला मुंबईच्या गोदीत गेला, सहा वर्षं राहिला आणि परत आला तो बायको घेऊन. कुठली म्हणाल तर कांदळी नावाच्या बेटावरची. चहूकडे समुद्र आणि मधे गाव! जात विचारली तर म्हणे कुणबीच. बेटावर कुणबी? बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. भाकरी थापते ती तांदळाची. बोलते नाकातून. बरं, आपण तर समुद्र पाहिला नाही, मग खरं-खोटं करायचं कोणी? चार जण शाळामास्तरकडे गेले. मास्तरनं भिंतीवरचा नकाशा काठीनं वरपासून खालपर्यंत धुंडाळला. कांदळी सापडेना. सापडेल कशी? नकाशा मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचा, त्यात समुद्रच नव्हता. पण हे ध्यानात कोणाच्या येणार! सरकारी नकाशात नाही म्हणजे बेट नाही, आणि बेट नाही म्हणजे बाई खोटी, एवढा निकाल त्या दिवशी लागला.

शिवाय तिची एक खोड. रोज सकाळी विहिरीवर आली की पहिला घोट तोंडात घ्यायची, डोळे मिटून घोळवायची आणि बाजूला थुंकायची. मग घागर भरायची.

"माय वं, पान्यावर मंतर टाकून राह्यली हे," शालूबाई म्हणायची.

"चाखते," अंबूबाई सांगायची. "आमच्याकडे चाखल्याशिवाय कोणी भरत नाही."

"तुमच्याकडं काऊन? तुमच्याकडं तर चारी मुलखानं पानी!"

यावर सगळ्या हसायच्या, आणि अंबूबाईही हसायची. तिचं ते हसणंच पुष्कळांना खटकत असे.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. माघातच विहिरीचा तळ दिसू लागला. पाटलानं वहाबला बोलावलं. वहाब म्हणजे विहिरी खोदणारा, पंचक्रोशीत त्याच्याएवढा हात कोणाचा नाही. खोदाई सुरू झाली, नारळ फुटला. पाच हात खाली गेल्यावर अंबूबाई काठावर येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर, पण आवाज खडा.

"पाटील, आता थांबा. खाली खारं आहे. गोडं पाणी वरच असतं, खाऱ्यावर साय धरल्यासारखं. साय फोडू नका."

भरल्या माणसांत बाईनं पाटलाला शिकवणं! कारभारी पाटील मिशीतून म्हणाला, "महादेव, तुई बायको समुद्रातून आली, तिले सगळीकडं मीठच दिसते बाप्पा."

बारा हात खोदलं. पाणी असं उसळलं की वहाबला चपला खालीच टाकून वर यावं लागलं. पेढे वाटले. आठव्या दिवशी पाणी मचूळ झालं, पंधराव्या दिवशी तोंडात धरवेना.

मग काय, गावाला आठवलं. ती म्हणाली होती ना खारं होईल? बोललं ते झालं कसं? त्यात शालूबाईनं सांगितलं, "म्या पाह्यलं, ह्या डोयानं! पहाटं फटफटायच्या वक्ताले पदरातून पांढरं पांढरं सोडून राह्यली होती इहिरीत. दोनदा पाह्यलं."

चावडी भरली. आम्ही सगळे होतो. असा तमाशा कोण चुकवतो? महादेवराव मान खाली घालून बसलेला. अंबूबाई खांबाशी उभी.

"काय टाकलं वं तू?" पाटलानं विचारलं.

अंबूबाई गप्प.

"मीठ टाकलं?"

"नाही."

"मंग काय टाकलं?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, पाटलाकडे पाहिलं, आणि पुन्हा गप्प. या गप्प बसण्यानं तिचा घात केला. निर्दोष माणूस बोलतो, हे चावडीतल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. पाटलानं निवाडा केला. आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत महादेवरावानं घर मोडावं आणि बायकोला घेऊन जिकडे बेट सापडेल तिकडे जावं. तोवर तिला गावाच्या कुठल्याही पाणवठ्यावर घागर लावू द्यायची नाही.

तेव्हा ती बोलली. काय टाकलं ते नाही, भलतंच. बेटाची कथाच सांगू लागली.

"कांदळी अर्ध्या कोसाची आहे. मावळतीला टेकडी, टेकडीवर पडका बुरूज. उगवतीला मिठागरं. मधे गाव, चारशे घरं. ओहोटीला चिखलातून चालत पलीकडे जाता येतं, भरतीला होडी. विहिरी सात, आणि एकही बारा हातांच्या खाली नाही. पूर्वी कोणी सरदार आला, बुरूज बांधला, शिबंदी ठेवली. शिबंदीला पाणी पुरेना म्हणून त्यानं मोठी विहीर खोल नेली. ती खारी झाली, आणि तिच्यापायी शेजारच्या दोन. अर्धं गाव भांडी घेऊन पलीकडे गेलं. जे राहिले त्यांनी दोन महिने त्या विहिरीचा तळ भरला, तेव्हा गोडं पाणी परत आलं. तेव्हापासून घरातली थोरली बाई आधी चाखते, मग बाकीचं घर पाणी भरतं. जिभेला मीठ लागलं की त्या विहिरीला विसावा. माझी आजी चाखायची, आई चाखायची. पाटील, खालचे बारा हात भरून घ्या. आखजीपर्यंत पाणी गोडं झालं नाही, तर मी आपणहून जाईन."

मास्तर हळूच म्हणाला, "नकाशात नाही पण."

पाटील उखडला. "आत्ता खोदली, आत्ता बुजवू? लोक हसतीन बे! इहीर हाय का पोरीची भातुकली?"

चावडी मोडली. महादेवरावानं बैलगाडीचं जू बाहेर काढून ठेवलं. अंबूबाई नाल्यातल्या वाळूत बोटानं खड्डा उकरून वाटी-वाटीनं पाणी भरू लागली, आणि बायका लांबून पाहत की तिथं काही पुरत तर नाही ना.

बाजू फिरली ती पाटलाच्याच स्वयंपाकघरात. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजेना. चहात दूध फाटलं. पाटलाची बायको पुष्पाबाई चार दिवस चुलीत जळण वाढवत राहिली. पाचव्या दिवशी तिनं कच्च्या डाळीचं पातेलं नवऱ्याच्या पानापुढे आदळलं.

"घ्या! चावडीत भाषणं शिजून राह्यली, घरी डाय शिजत नाई. इहीर बुजवता का मी माहेरी जाऊ? आमच्या माहेरी पानी गोडं हाय."

"लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले म्हना, पाटलीन ऐकत नाई."

हो-नाही करता करता वहाबला पुन्हा बोलावणं गेलं. मोटेनं दोन दिवस खारं पाणी उपसलं. वहाब तळाशी उतरला. खाली बराच वेळ तळ चाचपत राहिला. वर येऊन त्यानं पाटलाला एवढंच म्हटलं, "पाटीलसाहेब, वाळू नको. गढीची पांढरी माती पाहिजे. घराच्या धाब्यावर टाकतो ना आपण, पानी न झिरपायले? तीच."

गढी पाटलाचीच. तिच्या पडक्या बुरजाची माती लोक चोरून नेत आणि सापडलेल्याला पाटील दिवसभर चावडीपुढे उन्हात बसवी. आता स्वतःच्याच गाड्या लावून त्यानं माती वाहिली. वहाबनं ती थरावर थर चोपली. मोट बंद केली, घागर तेवढी चालू. आखजीच्या दोन दिवस आधी पुष्पाबाईनं स्वतः अंबूबाईला बोलावणं पाठवलं. अंबूबाईनं घोट घेतला, डोळे मिटून घोळवला. सारं गाव तिच्या गालांकडे पाहत होतं. ती थुंकली नाही. गिळला.

पाटलाच्या घरी डाळ शिजली. महादेवरावाचं जू पुन्हा गोठ्यात गेलं. अंबूबाई गावात राहिली, तीन लेकरांची आई झाली, आणि पुढं तीस वर्षं सकाळी तीच पाणी चाखत असे; कोणी तिला नेमलं नव्हतं, पण तिच्या आधी घागर बुडवायला सगळ्या बिचकत.

विश्वास बसला म्हणता? छे! शालूबाई मरेपर्यंत म्हणायची, "टाकलं तिनंच, काढलं बी तिनंच. उगाच नाई." पाटील सांगायचा की त्यानं नवस केला होता. आणि पहाटे अंबूबाई निघाली की दोन-चार दारांच्या फटी अजूनही उघडत, तिच्या पदराला गाठ आहे का ते पाहायला.

वहाब म्हातारा झाल्यावर एकदा माझ्या ओट्यावर बसला होता. पाटील तोवर गेला होता, म्हणून बोलला. तळाशी त्यानं काय पाहिलं ते त्यानं मला सांगितलं, आणि पाटलाला का नाही सांगितलं तेही. गढीच्या चोरीपायी त्या बाईला दुसऱ्यांदा चावडीत उभं करायचं त्याच्या मनात नव्हतं.

अंबूबाईच्या पदरात मीठ नव्हतं, गढीची पांढरी माती होती. ती माती चोरून आणून अंबूबाई एकटीच विहिरीचा तळ बुजवत होती. विहीर खारी झाली ती पाटलानं बारा हात जास्त खोदली म्हणून.