धुरपदाबाईचं तूप

लोधीपुऱ्यात धुरपदाबाईला उलट बोलायची कोणाची टाप नव्हती. बाई तोंडानं फटकळ, पण एखाद्याचं पथ्यपाणी हाती घेतलं की यमाशीही भांडेल. राज्यं नव्यानं आखली गेली आणि गावाला नागपूरची राजधानी सुटून भोपाळची आली, त्या वर्षी नवऱ्याचंच पथ्य तिच्या हाती आलं.

नवरा कडू, कापसाच्या जिनिंगमध्ये मापाडी. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं असं नाव ठेवलेलं. हा मात्र जिलबीचा भक्त. त्याला मधुमेह निघाला तेव्हा आळी हसली, "नाव कडू आन् बिमारी गोड!" धुरपदाबाई हसली नाही. तिनं घरातला साखर-गूळ पेटीत घातला आणि किल्ली कनवटीला लावली.

तरी कडू थकतच गेला. माजघरातून ओसरीवर येईपर्यंत धाप लागायची. शेवटी तिनं त्याला बुधवाऱ्यातल्या अरविंद डॉक्टरांकडे नेलं.

"रगतात इतकी साखर हाय म्हनता, मंग ह्याहिले ताकद काऊन नाही?" तिनं विचारलं.

डॉक्टर हौसेनं सांगू लागले, "बाई, दारात धान्याची रास आहे, पण घराला कुलूप. काळजाला ती साखर नीट आत घेताच येत नाही. मग ते चरबी जाळतं आणि त्यावर चालतं." बाहेर रोग्यांची गर्दी होती. पुढचं सांगायचं राहिलं, आणि ते राहायला नको होतं.

धुरपदाबाईनं मनाशी गाठ मारली: काळीज चरबीवर चालतं, तर चरबी कमी पडता कामा नये! धूलकोटला माहेरी म्हैस होती. तिथून तुपाचा डबा आला. वरणात तूप, खिचडीत तूप, सकाळी अनशापोटी वाटीभर पातळ तूप. कडूला तुपाचा वास लहानपणापासून सोसत नसे. पण बायको वाटी धरून समोर उभी. तो नाक दाबून गिळायचा. पुढे पाय सुजले, धाप वाढली. "छातीत दुखते का?" ती रोज विचारायची. "नाही," तो म्हणायचा, आणि खरंच दुखत नव्हतं. जुन्या मधुमेहात काळीज मरत असलं तरी कळ येतेच असं नाही, हे त्या बिचारीला कोण सांगणार? तिला वाटे, तूप लागू पडतंय.

एका सकाळी जिनिंगमध्ये वजनाच्या काट्यापाशीच तो घामाघूम होऊन खाली बसला. चौघांनी खाटेवर घालून घरी आणला. डॉक्टर आले, नाडी धरली, आणि उशाशी ठेवलेली वाटी त्यांना दिसली.

"हे तूप कोणासाठी?"

"तुमीच तं सांगतलं, काळीज चरबीवर चालते."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "नाइलाजानं चालतं हो, बाई. त्यातच ते थकतं. त्यात वरून आणखी तूप..."

तेवढ्यात कडू धापा टाकत बोलला, "मीच मांगत होतो, डाक्टर साब. बायको तं नको म्हने."

ती त्याच्याकडे बघत राहिली. उभ्या जन्मात खोटं न तोललेला माणूस! दिवस मावळायच्या आत तो गेला.

त्याचं ते बोलणं आळीभर झालं. जो तो हळहळे, बिचारीनं किती अडवलं, पण ऐकलं नाही त्यानं.

तेराव्याला त्याच्या नावाचं पान मांडलं. धाकटी नणंद मथुराबाई म्हणाली, "भातावर तूप घाल व, वहिनी. भाऊ तं मांगून खाये."

धुरपदाबाईनं तुपाची वाटी बाजूला सारली. कनवटीची किल्ली काढली, पेटी उघडली आणि गुळाचा खडा भातावर ठेवला.

"त्याहिले तूप आवडे नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मी पाजत होती."