अर्धासूत मिस्त्रीने केलेली मूठ

मिस्त्रीला सगळे ‘अर्धासूत’ म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याचाही अर्धा काढा. तेवढी चूक या माणसाला दारातूनच दिसायची. पाहुणा म्हणून कुणाकडे गेला, की आधी कपाटाच्या दाराकडे बघून नाक मुरडणार आणि मग खुशाली विचारणार. एकदा तापाने फणफणलेला असताना त्याने डॉक्टरांना सांगितलं होतं, “तुमचं टेबल डावीकडे झुकलंय.” आणि ते खरंच झुकलेलं होतं.

असा माणूस तीन महिने पोटच्या मुलीच्या उजव्या हाताकडे एकदाही बघू शकला नव्हता.

मुलगी एकुलती एक, आठ वर्षं बापाच्याच कारखान्यात काम करत होती. पेट्या करण्यात तिचा हातखंडा. पेटीच्या कोपऱ्यावर दोन्ही फळ्यांना दात पाडायचे आणि ते एकमेकांत बसवायचे. खिळा नाही, स्क्रू नाही. त्यासाठी फळी गोल करवतीच्या मशीनवर उभी धरून पात्यावरून ढकलावी लागते. तिने बसवलेल्या कोपऱ्यातून कागद जात नसे. मिस्त्रीने तोंडाने कधी तिचं कौतुक केलं नाही. कोपऱ्यावरून अंगठा फिरवायचा आणि पुढची फळी तिच्यासमोर ठेवायची, एवढंच. पण तो अंगठा फिरेपर्यंत ती श्वास रोखून उभी असायची.

तीन वर्षांपूर्वी तिने बाजारातून एक ढकलायचा ठोकळा आणला होता. प्लॅस्टिकचा, वर मूठ, खाली रबर. हाताऐवजी तो फळीवर टेकवायचा, म्हणजे पात्याजवळ ठोकळा जातो, बोटं जात नाहीत. मिस्त्री पोट धरून हसला. “अगं, ही खेळणी कशाला? चाळीस वर्षं झाली, माझी दहाच्या दहा शाबूत आहेत!” कारखान्याचं दार वाऱ्याने आपटायचं. त्याने ठोकळा उचलला आणि दाराला अडकण म्हणून लावून टाकला. तसं बघितलं तर तो ठोकळा आडव्या फळीसाठीच होता, उभ्या फळीला त्याचा उपयोग नव्हता. नंतर मिस्त्री स्वतःची समजूत काढायला हीच गोष्ट मनात घोळवत राहायचा, आणि समजूत काही पटायची नाही.

कारण त्या दुपारी ती ड्रॉवरच्या फळ्यांना दात पाडत होती, आणि पलीकडे पॉलिश करता करता मिस्त्री मान न वळवता ओरडला होता, “अगं, जरा हात चालव!” पुढचीच फळी कलंडली. तिची करंगळी गेली आणि शेजारचं बोटही गेलं.

ती दवाखान्यातून घरी आली तेव्हापासून मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघायचा, भिंतीकडे बघायचा, ताटाकडे बघायचा. तिने उजवा हात टेबलावर ठेवला, की याला कुठलं तरी काम आठवायचं. बायको एकदा वैतागून म्हणाली, “अहो, पोरगी समोर बसून बोलतेय आणि तुम्ही पंख्याकडे काय बघताय?”

“हलतोय तो,” मिस्त्री म्हणाला.

“पंखा हलणारच. तुम्ही जरा हला.”

मुलगी हसली. मग जेवता जेवता म्हणाली, “सोमवारी कारखान्यात येते. बघते जमतंय का. नाही जमलं, तर दात पाडायचं काम कायमचं सोडेन.”

काम अडेल याची मिस्त्रीला फिकीर नव्हती. तिला जगात सगळ्यात चांगलं जे जमत होतं, ते आपण एका वाक्याने तिच्याकडून काढून घेतलं, हे त्याला दिवसरात्र खात होतं. ते परत देता आलं तर एवढा सोमवारच हातात होता.

दुसऱ्या दिवशी त्याने दाराचा ठोकळा काढला. दार दिवसभर आपटत राहिलं, त्याने आपटू दिलं. आधी त्याने ठोकळ्याचं रबर खरवडून काढलं आणि खाली एक पट्टी बसवली, मशीनच्या खाचेत सरळ सरकेल अशी. पुढच्या बाजूला जाड फळीची उभी पाठ लावली, म्हणजे दात पाडायची फळी तिला टेकून उभी राहील. फळी कलंडू नये म्हणून वर पकड बसवली. पाठीच्या तळाशी एक छोटी खुंटी दिली. पाडलेली खाच तिच्यावर बसवली, की पुढची खाच आपोआप मापात येते. पातं जिथून बाहेर येतं तिथे मागे लाकडाचा मोठा गठ्ठा ठोकला आणि त्याला लाल रंग दिला.

राहिली मूठ. प्लॅस्टिकची मूठ त्याने फेकून दिली आणि कठीण लाकडाची नवी घडवली, पात्याच्या रेषेपासून चांगली लांब. गोल कानशीने तिच्यात बोटांच्या खाचा काढल्या. माप घ्यायची गरजच नव्हती. चालायला शिकताना धरलेला तो हात, पहिल्यांदा रंधा धरायला लावलेला तो हात त्याला पाठ होता.

सोमवारी ती आली. मिस्त्री मशीनकडे तोंड करून बोलत सुटला: ही पट्टी, ही पाठ, ही खुंटी, लाल गठ्ठ्यावर हात ठेवायचा नाही. एवढं तो वर्षभरात बोलला नसेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मूठ धरली.

अंगठा बसला. पहिलं बोट आपल्या खाचेत गेलं, मधलं आपल्या खाचेत गेलं. त्यांच्या खाली दोन खाचा रिकाम्या राहिल्या. त्याही त्याने तितक्याच मन लावून घासल्या होत्या.

दार एकदा आपटलं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “ही माझ्या आधीच्या हाताची आहे.”

तेव्हा त्याने बघितलं. दोन आखूड खुंट, त्यांच्यावर गुलाबी, चकचकीत कातडी. तो स्टुलावर बसला.

“ठोकळा तू आणला होतास,” तो म्हणाला. “मी दाराला लावला. आणि वर म्हणालो, हात चालव.”

“माझ्या लक्षात आहे सगळं. रागही आहे,” ती म्हणाली. “तो जाईल का, मला माहीत नाही. पण तुम्ही माझ्याकडे बघायचंच सोडलंत, ते जास्त लागलं, बाबा.”

तिने एक कोरी फळी पुढे ओढली आणि तिच्यावर उजवा हात पसरून ठेवला. “घ्या माप.”

मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली. अंगठ्याच्या कडेने गेला, पहिल्या बोटाला वळसा घातला, मधल्याला घातला. खाली येऊन पुढच्या बोटाशी पोचला, आणि पेन्सिल सवयीने वरच निघाली. खुंट मागे टाकून कोऱ्या लाकडावर, जिथे ते बोट असायचं तिथे.

“बाबा, खाली या,” ती म्हणाली. “ते इथेच संपतं.”

मिस्त्री लहान पोरासारखा रडला. मग त्याने बाहीने डोळे पुसले, पेन्सिल मागे आणली आणि खुंटाच्या कडेने रेघ वळवली.